शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, लॅमिंग्टन रोड आणि सलाईनची बाटली

चिमणघर (धागाकर्ती), रविवार दुपार

नमस्कार मंडळी. इथली बरीच जुनी वाचक आहे, धागा पहिलाच. विषय आडवाटेचा आहे, पण इथे डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर आणि 'मुलाला कुठली ब्रँच घेऊ' विचारणारे पालक असे सगळेच असतात, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. अकरा वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात काढली. म्हणजे व्हेंटिलेटरपासून बीपीच्या पट्ट्यापर्यंत जे बंद पडेल ते चालू करायचं, आणि जे चालू आहे ते खरं बोलतंय का ते तपासायचं. आता तीन वर्षं मुंबईजवळच्या एका कॉलेजात शिकवते.

पहिल्या वर्षी गाईड म्हणून माझ्या टेबलावर विषयांची यादी आली. स्मार्ट सलाईन. (बाटली संपत आली की कळवणारं यंत्र.) स्मार्ट काठी. वायफायवाला ऑक्सिमीटर. हाताच्या हालचालीवर चालणारी व्हीलचेअर. परत स्मार्ट सलाईन. मी स्वतः विद्यार्थिनी असताना हीच यादी होती, फक्त तेव्हा 'आयओटी'च्या (इंटरनेटला जोडलेलं यंत्र) जागी 'जीएसएम' (मोबाईलचं नेटवर्क) लिहायचे आणि डॉक्टरांच्या नोकियावर एसएमएस जायचा. यातले निम्मे प्रोजेक्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तयार मिळतात, कोडसकट, आणि थोडे जास्त पैसे टाकले तर ब्लॅक बुकसकट, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालासकट.

एकाही गटाने आयुष्यात सलाईन लावलेला पेशंट तासभर बसून पाहिला नव्हता. मुलांना दोष देत नाही. त्यांना वॉर्डात नेलंच कोणी नव्हतं.

आता 'प्रोजेक्टमधून शिकणं' हे काही नवं खूळ नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणच उलटं केलं: आधी रुग्णाची अडचण समोर ठेवायची, मग तिच्यासाठी लागेल ते शरीरशास्त्र शिकायचं. डेन्मार्कमधलं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये सुरू झालं तेच मुळी या पायावर. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांचा साधारण निम्मा वेळ गटाच्या प्रोजेक्टवर जातो आणि बाकीचे विषय त्याच्या आजूबाजूला बसवतात. आपल्याकडे शब्द तोच आला, पण आठव्या सेमिस्टरच्या शेपटीला बांधून. आधी सगळं शिकून घ्या, मग उरलेल्या दिवसांत काहीतरी जोडून दाखवा.

तर गेल्या वर्षी मी एक प्रयोग केला. दोन गटांना ओळखीच्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात तीन सकाळी बसवलं. परवानगीसाठी दीड महिना गेला, ते पुराण वेगळं. नियम तीन: मोबाईल काढायचा नाही, कुणाच्या वाटेत यायचं नाही, आणि वहीत 'उपाय' हा शब्द लिहायचा नाही. फक्त दिसेल ते लिहायचं.

पहिल्या दिवशी वह्या कोऱ्या. "मॅडम, काहीच होत नाही तिथे." दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं. स्मार्ट सलाईनवाल्या गटाच्या वहीतलं थोडं देते:

'सलाईन संपल्याचं कळवायला यंत्र लागत नाही. शेजारच्या खाटेवरची आजी ओरडते.'

'सिस्टरनी थेंब लावून दिले. पेशंटने कूस बदलली. थेंब जवळपास थांबले. वीस मिनिटं कुणाच्या लक्षात नाही.'

'पेशंट बाथरूमला गेला. मुलाने बाटली डोक्यावर धरली. थेंब धो धो.'

हे वाचून मी मनात म्हटलं, चला, प्रोजेक्ट सुरू झाला. अडचण बाटली रिकामी होण्यात नव्हती, वेगात होती. सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजतात, चाक फिरवून वेग लावतात, आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग हात वाकला, बाटली वरखाली झाली, की सगळं गणित गेलं. गणित तसं सातवीचं आहे. ५०० मिलिलिटर, सेट (बाटलीला लावायची नळी) २० थेंबांना एक मिलिलिटर देणारा, म्हणजे १०,००० थेंब. चार तासांत द्यायचे तर मिनिटाला ४२, सहा तासांत २८, आठ तासांत २१. पण तीस खाटांच्या वॉर्डात, रात्री तीन वाजता, तेही डोक्यात करायचं.

मुलांनी ड्रिप चेंबरला (नळीतल्या थेंब पडणाऱ्या छोट्या डबीला) अडकवायचा एक चिमटा केला. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर तो उजेड ओळखणारा फोटोडायोड. थेंब पडला की उजेड क्षणभर तुटतो, तेवढं मोजायचं. कॉलेजच्या टेबलावर झकास. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेला लावला आणि सकाळच्या उन्हात यंत्र आंधळं झालं. मग एलईडी टीव्हीच्या रिमोटसारखा ३८ किलोहर्ट्झला लुकलुकवला, भोवती काळ्या कागदाची नळी घातली. (खरं काम नळीनेच केलं असा माझा अजून संशय आहे.) मग चेंबरच्या आतल्या भिंतीला चिकटलेले थेंब गोंधळ घालायला लागले. मग बाटलीच्या उंचीचा प्रश्न आला आणि दुसऱ्या वर्षी घोकलेलं 'दाब म्हणजे उंची गुणिले घनता गुणिले जी' हे त्या चौघांना चौथ्या वर्षी, कुणाच्या तरी मुलाने बाटली डोक्यावर धरलेली पाहून कळलं.

यंत्र शेवटी दहापैकी सात वेळा बरोबर चालायचं. त्यांनी तसं ब्लॅक बुकात लिहिलं. शिवाय सिस्टरनी सहज म्हटलं म्हणून एक कार्ड करून दिलं: बाटली किती, तास किती, मिनिटाला थेंब किती. यंत्र आता माझ्या कपाटात आहे. कार्ड वॉर्डात ट्रॉलीला बांधलेलं आहे.

एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एकच प्रश्न विचारला, "यात आयओटी कुठाय?" मार्क बेताचे पडले. त्याच दिवशी वायफाय ऑक्सिमीटरवाल्यांना भरघोस मिळाले. त्या गटाला मी 'लाल आणि इन्फ्रारेड असे दोन एलईडी का लागतात' विचारलं होतं. उत्तर आलं, "मॅडम, मॉड्यूलमध्ये दोन येतात."

तर विचारायचं हे की मी चुकतेय का? जाणकारांनी लिहावं.


गवती_चहा, रविवार दुपार

रुमाल टाकून ठेवतो. ओपीडी संपली की सविस्तर.


ओपॅम्प, रविवार संध्याकाळ

लेख रंगतदार आहे, पण सहमत नाही. पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय म्हणून स्पष्ट लिहितो. वॉर्डात बसून वही भरणं हे समाजशास्त्र झालं. मुलांचा पाया कच्चा आहे. ज्याला ईसीजीत ५० हर्ट्झ कुठून घुसतो ते सांगता येत नाही, त्याने पेशंटने कूस बदलली हे लिहून काय होणार? आधी पाया, मग कळस. प्रोजेक्ट-बेस्डच्या नावाखाली शिकवायची जबाबदारी झटकायची ही नवी पद्धत आहे. मुलं यूट्यूबवरून शिकतील, आपण 'फॅसिलिटेटर'.


चिमणघर

>> ज्याला ईसीजीत ५० हर्ट्झ कुठून घुसतो ते सांगता येत नाही

सर, शेवटच्या वाक्याला जोरदार सहमती. बाकी, तुम्ही उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

आमच्याकडे ईसीजीचं प्रॅक्टिकल तयार किटवर होतं. सगळ्या वायरी आधीच लावलेल्या, पडद्यावर सुबक लाट, जर्नलमध्ये आकृती चिकटवा. शंभर टक्के निकाल. या वर्षी मी किट बंद ठेवून मुलांना इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरची चिप, रेझिस्टर आणि इलेक्ट्रोड दिले. हृदयाचा सिग्नल त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट. पडद्यावर आली ती ५० हर्ट्झची, म्हणजे खोलीतल्या विजेच्या गोंगाटाची, जाडजूड दोरी, हृदय कुठेच नाही. दोन तास आरडाओरडा. एकाने ट्यूबलाईट बंद केली, दोरी थोडी बारीक झाली. एकीने वायरी एकमेकींत पिळल्या, आणखी बारीक. मग मी फळ्याकडे गेले आणि उजव्या पायाचा तिसरा इलेक्ट्रोड कशासाठी, दोन्ही हातांवरचा सारखा गोंगाट उलटा करून अंगात परत कसा सोडतात, हे शिकवलं. एरवी या तासाला मागची दोन बाकं झोपलेली असतात.

म्हणजे पाया हवाच. पाया कधी खणायचा एवढाच वाद आहे.


ओपॅम्प

ट्यूबलाईटचं मान्य. पण हे प्रॅक्टिकल झालं, प्रोजेक्ट नव्हे. आणि साठ मुलांच्या वर्गात हे कसं करणार ते सांगा. तुम्ही दोन गटांना वॉर्डात नेलंत. उरलेल्यांचं काय?


चिमणघर

उरलेले लॅमिंग्टन रोडला गेले. याचं उत्तर माझ्याकडे नाही, खरंच नाही.


जुना_सोल्डर, रविवार रात्र

ताई, धागा उत्तम. रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. आता निवृत्त आहे, म्हणून चार खडे बोल चालतील.

ट्यूबलाईट बंद केली ते ठीक. त्या पोरांच्या अंगाला चिकटवलेलं सर्किट कशावर चालत होतं? मी परीक्षक म्हणून जायचो तेव्हा आधी तेच बघायचो. निम्म्या वेळा मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर, नाहीतर लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि लॅपटॉप चार्जिंगला. चार्जरमधलं इन्सुलेशन फुटलं तर २३० व्होल्टची वाट थेट छातीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत मोकळी. ज्या उपकरणाचा हृदयाशी थेट संबंध येतो, त्यातून नेहमीच्या स्थितीत पेशंटमध्ये १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही, असं आयईसी ६०६०१ हे मानक सांगतं. अंगाला वरून लागणाऱ्यांना १००. मायक्रो म्हणतोय मी, मिली नव्हे. हे आकडे मुलांना पाठ असतात, परीक्षेत येतात. पण गळती मोजायचं यंत्र कॉलेजात असलं तरी कपाटात, सील न फोडलेलं.

माझी सूचना: अंगाला लागणारा प्रत्येक प्रोजेक्ट बॅटरीवर. आणि प्रोजेक्ट पास करण्याआधी त्या गटाने वॉर्डातले दहा प्लग तपासून यायचं. अर्थिंगची पिन मोडलेले किती, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात कोंबलेले किती. ही यादी हातात आली की पोरं आपोआप इंजिनिअर होतात.


चिमणघर

काका, ईसीजी बॅटरीवरच होता, नऊ व्होल्टच्या दोन. पण चिमट्याचं मात्र सांगते, पहिला आठवडा चार्जरवर होता. पेशंटला स्पर्श नाही म्हणून मी दुर्लक्ष केलं. सलाईनच्या नळीतून मिठाचं पाणी थेट शिरेत जातं आणि ते वीज वाहून नेतं, हे तुमचं वाचताना आत्ता डोक्यात आलं. प्लगची यादी पक्की.


केटीकन्या, सोमवार पहाट

सदस्य नवीन आहे, आवडलं नाही तर सोडून द्या. मी त्याच ब्रँचची, पण दुसऱ्या कॉलेजची. आमच्या गटाने प्रोजेक्ट विकत घेतला. चौघींत मिळून आठ हजार. लाज वाटते, पण का घेतला तेही लिहिते.

सातव्या सेमला दोन केट्या (नापास होऊन राहिलेले विषय), प्लेसमेंटची तयारी, आणि येणारी कंपनी आयटीची. तिला ईसीजी कशाशी खातात माहीत नाही. गाईड सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर्किंग मॉडेल पाहिजे, एक्स्टर्नलसमोर बंद पडलं तर मी जबाबदार नाही." मग बंद पडू शकेल असं काही करायची हिंमत कोण करणार? दुकानातलं बंद पडत नाही. पडलं तर दुकानदार बदलून देतो. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी त्याने आम्हाला तासभर शिकवलंही, आमच्या सरांपेक्षा बरं.

मॅडम, तुमच्या त्या गटाला दहापैकी सात लिहायला परवानगी होती. आम्हाला नव्हती.


गवती_चहा, सोमवार रात्र

केटीकन्या, शेवटचं वाक्य फार नेमकं आहे. लाज वगैरे सोडा.

मी फिजिशियन. आधी कुरकुर. वॉर्ड म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. पेशंटला विचारल्याशिवाय त्याच्याकडे टक लावून वही भरणं मला खटकतं. 'पेशंट बाथरूमला गेला' हेसुद्धा त्याचं खासगी आहे. मुलांनी ओळख करून द्यायला हवी, नाव लिहायचं नाही, हात धुवायचे, आणि नको म्हटलं तर उठायचं. चिमणघर, हे केलं असेल असं धरतो, पण लिहिलं नाहीत.

आता कौतुक. इंजिनिअर मंडळी आमच्याकडे येतात ती उत्तर घेऊन. "डॉक्टर, हे बनवलंय, याचा वापर सांगा." गडचिरोलीचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. खेड्यात बाळांना न्यूमोनिया झालाय का ते ओळखायचं तर एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, त्याहून मोठं पण वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, ही धोक्याची रेघ. निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंत सलग मोजणं जड जातं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'मध्ये यासाठी मण्यांची पाटी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. बॅटरी नाही, पडदा नाही. व्हायव्हाला आणलं असतं तर तुमच्या त्या एक्स्टर्नलने काय विचारलं असतं ते आता सगळ्यांना माहीत आहे.


चिमणघर

डॉक्टर, ओळख करून दिली होती आणि हात धुतले होते. नकोचा प्रसंग एकदा आला, एका आजोबांनी हाकललं. बाथरूमच्या नोंदीबद्दल तुमचं बरोबर आहे, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.


अटलांटाकर, सोमवार रात्र (आमच्याकडे सकाळ)

माझी मुलगी जॉर्जिया टेकमध्ये बायोमेडिकल करतेय, म्हणून इथला अनुभव. जॉर्जिया टेक आणि एमरी विद्यापीठाचा हा संयुक्त विभाग १९९७ चा. वॉलेस कोल्टरच्या नावाने आहे, रक्तपेशी मोजायच्या कोल्टर काउंटरवाले. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांना प्रॉब्लेम-बेस्ड कोर्स असतो. छोटी खोली, भिंती म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत फळा, सात-आठ मुलं, आणि एक फॅसिलिटेटर जो उत्तर देतच नाही. मुलगी पहिला महिना फोनवर रडत होती, "बाबा, ते काही सांगतच नाहीत."

हिरवळ इथेही सगळीकडे नाही. गटात एखादा फुकट्या असतोच. त्यासाठी मुलं एकमेकांना मार्क देतात, त्यातून भांडणं होतात. शिवाय आठ मुलांमागे एक फॅसिलिटेटर, म्हणजे ओपॅम्प सरांचा साठ मुलांचा प्रश्न इथे पैशाने सुटलाय.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं. तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागींचं, १९७४ चं. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं रक्त ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, म्हणून दोन एलईडी. तयार मॉड्यूल यातून आकडा काढून हातात देतं आणि शिकणं तिथेच संपतं. पण २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ठीक दाखवतोय पण रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळलं. कोविड ऐन भरात होता तेव्हा. मुलीच्या वर्गात यावर दोन आठवडे चर्चा झाली. आपल्याकडे तर एका वर्गातच त्वचेच्या दहा छटा सापडतील. तेच पंचवीसशेचं मॉड्यूल घ्या आणि सगळ्यांच्या बोटांवर लावून बघा. मेंदी लावलेल्या बोटावर, नेलपॉलिशवर, थंडगार बोटावर. वायफायपेक्षा बरा प्रोजेक्ट होईल.


जुना_सोल्डर

पंचवीसशे? दोन-तीनशेला मिळतं हो. लॅमिंग्टन रोडला डॉलर चालत नाहीत.


अटलांटाकर

😀 चूक मान्य.


वैनगंगा, मंगळवार

आमच्या गडचिरोलीचा उल्लेख वाचून लॉगिन केलं. मी मेडिकल डिव्हाइसच्या स्टार्टअपमध्ये आहे, म्हणून पुढचं लिहितो: प्रोजेक्ट संपल्यावर काय होतं.

१९५७ मध्ये मिनीॲपोलिसला वीज गेली. तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलं भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या पेसमेकरवर असायची. सर्जन लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना विचारलं, बॅटरीवर जमेल का? बॅकननी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं, गाणारे ताल धरायला वापरतात ते, आणि चार आठवड्यांत डबी करून दिली. कुत्र्यावर चाचणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बॅकन वॉर्डात गेले तर ती एका मुलीला लावलेली. ही गोष्ट सगळ्या हॅकेथॉनमध्ये सांगतात. पुढचं सांगत नाहीत, की आज असं केलं तर तुरुंगात जाल, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. धोक्यानुसार ए ते डी चार वर्ग. मुलांना प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात विचारा, तुमचं यंत्र कुठल्या वर्गात बसेल आणि का. माझ्या मुलाखतीत दहातल्या नऊ जणांना प्रश्नच कळत नाही.

महाराष्ट्रात या दिशेने झालेलं काम म्हणजे आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र. २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून सुरू झालं. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्यात आहेत. डॉक्टर अडचण मांडतात, इंजिनिअर आणि डिझायनर एकत्र बसून नमुना करतात. डिजिटल स्टेथोस्कोपसारखी काही उपकरणं त्यातून बाजारापर्यंत गेलीत.

केटीकन्याच्या 'बंद पडलं तर'बद्दल: तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप केली. पहिले तीन नमुने फसले. चौथा १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवला. व्हायव्हा तिसऱ्या नमुन्याला असता तर नापास.


ओपॅम्प

वैनगंगा, झडपेमागे पक्के धातुशास्त्रज्ञ होते, वर्ग बुडवणारी मुलं नव्हती. माझा मुद्दा तोच आहे. पण बोलून खाली बसत नाही, एक करतो. आमच्या ब्लॅक बुकच्या साच्यात 'निष्कर्ष' आणि 'भविष्यातील वाव' अशी दोन प्रकरणं असतात, दोन्ही वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट. यंदा माझ्या गटांना त्याऐवजी 'काय फसलं' लिहायला लावतो, आणि दहा मार्क त्याचेच. विभागप्रमुख ओरडतील. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ओरडू देत.


केटीकन्या

सर, दोन वर्षं आधी का नाही भेटलात 🙏


रात्रपाळी, बुधवार पहाट

मी स्टाफ नर्स, सरकारी. नाईट संपवून बसमध्ये वाचलं. एवढी चर्चा झाली, सिस्टरला कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते.

ते तीन वाजता डोक्यात गणित वगैरे आम्ही करत नाही. बाटलीला उभी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर पेनाने वेळा लिहितो. दहाला इथवर, अकराला इथवर. येता-जाता नजर टाकली की कळतं मागे आहे की पुढे. तुमच्या पोरांना दिसली नाही का? आमच्याकडे तरी सगळे करतात.

दुसरं, अजून एक वाजणारं यंत्र नको. मॉनिटर वाजतो, पंप वाजतो, फोन वाजतो, नातेवाईक वाजतात. वाजलं की आधी बंद करायचं बटण शोधतो, खरं सांगते.

तिसरं महत्त्वाचं. तुमचं कार्ड २० थेंबांवर आहे ना? मावशी स्टोअरमधून जो सेट येईल तो आणून देतात. काही सेट १५ थेंबांचे असतात. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात १५ नेच गणित होतं. आणि मायक्रोसेट ६० चा, लहान मुलांना लावतो तो. त्याचं सोपं असतं, तासाला जितके मिलिलिटर तितके मिनिटाला थेंब. पण १५ च्या सेटला तुमच्या कार्डावरचे ४२ थेंब लावले तर?


चिमणघर, बुधवार दुपार

सिस्टर, चिकटपट्टी पाहिली होती. वहीत आहे, दुसऱ्या दिवशी: 'बाटलीवर पट्टी, त्यावर आकडे.' मुलांना वाटलं औषध मिसळल्याची वेळ असेल. मलाही तेच वाटलं. अकरा वर्षं रुग्णालयात काढून.

तुमचं तिसरं आत्ता कागदावर केलं. १५ च्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब म्हणजे २.८ मिलिलिटर. ५०० ची बाटली १७९ मिनिटांत रिकामी. चार तासांची तीन तासांत. तरुण माणूस असेल तर लघवीला जास्त जाईल. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं काय होईल ते डॉक्टर सांगतील.

कार्डावर सेट कुठला ते लिहिलेलंच नाही. मीच तपासून सही केली होती.


गवती_चहा

काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. कार्ड आजच काढा.


चिमणघर, बुधवार संध्याकाळ

काढलं. स्वतः गेले होते. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात दोन प्रकारचे सेट होते, पाकिटावर थेंबांचा आकडा बारीक अक्षरात छापलेला, चष्मा लावून वाचावा लागला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, कार्ड बघतो पण त्यावर विसंबून नाही, आमची पट्टी आहेच.

तो गट पास होऊन गेला. चौघांना मेसेज केलाय, एकाचं उत्तर आलं, शनिवारी येतो म्हणाला. नवीन बॅचला सोमवारी पहिल्या तासाला हेच कार्ड देणार आहे, चूक काय ते न सांगता, सोबत दोन्ही सेट.

@रात्रपाळी, तुमच्या वॉर्डातल्या पट्टीचा फोटो मिळेल का? पेशंटचं नाव न दिसेल असा.


रात्रपाळी

पाठवते. आज पण नाईटच आहे.